क्लाऊन प्लेको म्हणून दोन मासे आणले, एकच लाकूड खातोय. दुसरा नक्की कोण आहे?

निशा_सातारा:

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून. दीड महिन्यापूर्वी पुण्याहून दोन छोटे प्लेको आणले. दुकानदाराने दोन्ही एकाच टाकीतून काढून दिले, म्हणाला क्लाऊन प्लेको आहे, एल १०४ नंबरचा, लाकूड खाणारा मासा, फार मोठा होत नाही. दोघंही ६ सेंमीच्या आसपास, दोघांच्या काळपट अंगावर पिवळट पट्टे, त्यामुळे मलाही काही शंका आली नाही. टाकी ३ फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच आहे, दीडशे लिटर धरा. आत १० कार्डिनल टेट्रा, ५ कोरी (तळाला फिरणारे छोटे मासे), दोन-तीन अनुबियासची रोपं आणि एक मोठं ड्रिफ्टवुड, म्हणजे टाकीत ठेवायचं लाकूड. तापमान २६, पीएच ७.२, पाणी नगरपालिकेचं, क्लोरीन घालवूनच टाकते.

तर आता गंमत अशी की एक जण पहिल्या आठवड्यातच लाकडाला चिकटला तो चिकटलाच. रोज सकाळी लाकडाखाली रव्यासारखा तपकिरी भुसा पडलेला असतो आणि लाकडावर पांढरट ओरखडे दिसतात. दुसरा मात्र लाकडाकडे फिरकतही नाही, दिवसभर हीटरच्या मागे, रात्री टॉर्च मारून बघितलं तर कोरींच्या मागे मागे तळाला काहीतरी हुंगत फिरतो. गेल्या आठवड्यात तो काचेला चिकटला होता तेव्हा खालून पोट दिसलं, पार खपाटीला गेलंय. मला रडूच आलं, कारण दुकानात सांगितलं होतं की लाकूड असलं की वेगळं काही घालायला लागत नाही आणि मी तेच ऐकलं.

हे दोन्ही एकच मासे आहेत का? आजारी आहे का तो? आणि भुशाने फिल्टर दर चार दिवसांनी तुंबतोय त्याचं काय करू? आमच्या परसात पेरूचं झाड आहे, त्याची वाळलेली फांदी टाकली तर चालेल का? घाईने उत्तर हवंय.

मीन_रास:

निशाताई, आधी आज रात्रीचं बघू. दिवे बंद केल्यावर तळाला बसणारी गोळी अर्धी-अर्धी करून दोन ठिकाणी टाका, एक हीटरजवळ आणि एक लांब, म्हणजे कोरी एकीकडे गुंतल्या की याला दुसरीकडचं मिळेल. फ्रोझन ब्लडवर्म (गोठवलेल्या लाल अळ्या) असतील तर थोडेसे तेही चालतील. औषध कुठलंही टाकू नका, पोट आत गेलंय म्हणजे बहुतेक उपासमार आहे, आणि प्लेकोंना तांब्याची औषधं सोसत नाहीत.

मग फोटो हवेत. वरून, बाजूने आणि मुख्य म्हणजे तोंडाचा. काचेला चिकटलेला असताना समोरून नाही, बाजूने तिरका टॉर्च धरा आणि मोबाईल काचेला टेकवून काढा. जाळीने पकडून बाहेर काढू नका हां, यांचे गालाचे आणि परांचे काटे जाळीत अडकतात आणि सोडवताना मासा जखमी होतो. पकडायची वेळ आलीच तर प्लास्टिकच्या डब्यात हळूच ढकलून घ्यायचा.

निशा_सातारा:

फोटो टाकलेत. लाकूड खाणारा पहिल्या तीन फोटोंत, हीटरवाला शेवटच्या चारमध्ये. काल रात्री गोळी टाकली तर हीटरवाला पाच मिनिटांत बाहेर आला आणि अक्षरशः झडप घातली. म्हणजे भूक होती बिचाऱ्याला.

खवल्या:

फोटो फार छान आलेत, तोंडाचे तर एकदम स्पष्ट. तुमच्याकडे दोन वेगळे मासे आहेत, नुसती जात वेगळी असं नाही, वंशच वेगळा, आणि दोघांचं खाणं जवळजवळ उलट आहे. हे अनेकांचं होतं, कारण सगळेजण पट्टे बघून नाव ठेवतात. पट्टे बघायचेच नाहीत असं मी म्हणत नाही, पण ते सगळ्यात शेवटी. घाबरला, अंधारात ठेवला, वाळू पांढरी असली की रंग बदलतो, लहानपणीचे पट्टे मोठेपणी फिकट होतात. दात बदलत नाहीत.

पहिल्या माशाचा दुसरा फोटो मोठा करून बघा. वरचा आणि खालचा, दोन्ही जबडे मधोमध दुमडल्यासारखे, व्ही आकारात आहेत. त्यावर दात थोडेच, मोजता येतील इतके, पण प्रत्येक दात जाड आणि टोकाला चमच्यासारखा पसरट. हा लाकूड खरवडणाऱ्याचा दात. हा पानाकोलस, आणि अंगावरच्या जाड, मध्येच फाटे फुटणाऱ्या पट्ट्यांवरून पानाकोलस मॅकस, म्हणजे खरा क्लाऊन प्लेको, तुम्हाला सांगितलेला एल १०४ हाच. १९९३ साली शेफर आणि स्ट्युअर्ट यांनी याचं वर्णन केलं तेव्हा तो पानाक या मोठ्या माशांच्या वंशात धरला होता, पुढे छोट्यांसाठी पानाकोलस हे वेगळं नाव आलं. मॅकस म्हणजे जुन्या रोमन नाटकांतला विदूषक, त्यामुळे क्लाऊन हे नाव शास्त्रीय नावातही आहे. हा व्हेनेझुएला-कोलंबियाच्या ओरिनोको खोऱ्यातला, पुरात नदीत कोसळलेली झाडं वर्षानुवर्षं कुजत पडलेली असतात त्यांच्या फटींत राहतो. ९-१० सेंमीच्या वर सहसा जात नाही, तुमची टाकी त्याला आयुष्यभर पुरेल.

आता हीटरवाला. याचा जबडा बघा, रुंद कमानीसारखा आहे, व्ही नाही. दात बारीक, सडपातळ, संख्येने जास्त. त्या दातांनी लाकूड निघतच नाही, त्याने कितीही ठरवलं तरी. हा पेकोल्टिया गटातला, दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतला. आणि मजा म्हणजे क्लाऊन प्लेको कित्येक वर्षं पेकोल्टिया व्हिटाटा याच नावाने विकला जायचा, त्यामुळे हा गोंधळ बाजारात फार जुना आहे, तुमच्या दुकानदाराने मुद्दाम फसवलं असं मला वाटत नाही. एकाच पेटीतून आले असतील, पट्टे सारखे दिसले, एका टाकीत सोडले.

नक्की कोणती पेकोल्टिया यात वेळ घालवू नका, सगळ्यांचं खाणं मिश्र असतं, किडे, अळ्या, कोळंबीचे बारीक तुकडे, दगडावरचा थर, तळाला बसणाऱ्या प्रोटीनवाल्या गोळ्या. तो आजारी नाहीये, उपाशी आहे. दीड महिना लाकडाच्या भरवशावर राहिला. कोरींच्या गोळ्यांतलं उरलंसुरलं मिळालं म्हणून वाचला.

डोळे बघितले मी मुद्दाम, आत गेलेले नाहीत. पोट आत गेलं असलं तरी डोळे भरलेले असतील तर मासा परत येतो. डोळे खोल गेले की मग अवघड असतं. विकत घेतानाही हेच बघायचं, पट्टे किती सुंदर आहेत ते नंतर, आधी काचेला चिकटलेला असताना खालून पोट आणि मग डोळे. हे मासे तिकडच्या नदीतून पकडून, विमानाने, तीन-चार व्यापाऱ्यांकडून होत होत येतात आणि त्या सगळ्या प्रवासात त्यांना नीट खायला कोणी घातलेलं नसतं.

निशा_सातारा:

खवल्यादादा, इतकं समजावून सांगितलंत, मनापासून आभार. आता दोघांना वेगळं वेगळं नाव देणार. म्हणजे लाकूडवाल्याला मी नुसतं लाकूड दिलं तर चालेल ना? त्याचं पोट तसं ठीक दिसतंय, पण फार गोल नाही.

खवल्या:

नाही, इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. लाकूड खाणारा म्हणजे लाकडावर जगणारा असं सगळे धरून चालतात. वाळवीचं जसं असतं तसं याचं नाही. २००९ मध्ये डोनोव्हन जर्मन नावाच्या संशोधकाने यांच्या आतड्यांवर बारकाईने काम केलं. रंग दिलेलं लाकूड खायला घालून बघितलं तर ते चार तासांच्या आत बाहेर पडत होतं. आता विचार करा, ज्याला लाकडाचा काष्ठतंतू पचवायचा आहे त्याला ते पोटात बराच वेळ आंबवत ठेवावं लागेल, गाय-म्हैस रवंथ करते ते उगीच नाही. यांच्यात तसं आंबवण्याचं कोठारच नाही. आणि प्रयोगशाळेत नुसत्या लाकडावर ठेवलेल्या माशांचं वजन घटलं. त्या अभ्यासात तुमच्या माशाचे सख्खे नातेवाईक होते.

मग तो एवढं खरवडतो कशाला? लाकूड कुजायला लागलं की बुरशी आणि जिवाणू त्यातले घट्ट तंतू आधीच फोडून ठेवतात, ते फुटलेलं, मऊ झालेलं, शिवाय त्या बुरशी-जिवाणूंचा थर, हे त्याचं खरं अन्न. ते मिळवायला त्याला ढीगभर लाकूड पोटातून न्यावं लागतं, म्हणून एवढा भुसा. पुढे मोठ्या पानाकच्या आतड्यात हवेतला नायट्रोजन बांधून घेणारे जिवाणूही सापडले, म्हणजे प्रोटीनची कमतरता भरून काढायला काही मदत आतूनही मिळत असावी. पण आपल्या टाकीत काय असतं? दुकानातून आणलेलं धुतलेलं, कडक, नवं लाकूड. त्यावर नदीतल्या पाच वर्षं कुजलेल्या झाडासारखं काहीच नाही.

तेव्हा लाकूड कायम हवंच, त्याच्याशिवाय ठेवू नका, पण सोबत जेवणही द्या. दोडका, दुधी, काकडी, लाल भोपळा, रताळं, यातलं काहीही उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं टाकून मऊ करायचं, स्टीलच्या काट्याला टोचून रात्री तळाला ठेवायचं आणि सकाळी उरलेलं काढून टाकायचं, नाहीतर पाणी नासतं. माझ्याकडचे दोडक्याच्या शिरांना हातही लावत नाहीत पण आतला गर पार जाळी करून टाकतात. आठवड्यातून दोन-तीनदा स्पिरुलिना शेवाळाची वेफर. ब्लडवर्म याला नकोत, क्वचित चुकून खाल्ला तर काही होत नाही, पण रोज मांसाहार मिळाला की यांचं पोट फुगतं. इथेच तुमची कसरत आहे, कारण हीटरवाल्याला तेच हवंय. भाजी एका टोकाला लाकडापाशी, प्रोटीनची गोळी दुसऱ्या टोकाला हीटरपाशी, तेही दिवे बंद झाल्यावर. दोघंही आपापला कोपरा धरून बसणारे आहेत, जमेल.

भुशाचं म्हणाल तर फिल्टरच्या तोंडाला जाड स्पंज चढवा, आतलं साहित्य तुंबणार नाही. तो स्पंज आठवड्यातून एकदा टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा, नळाखाली धुवायचा नाही. पाणी बदलताना ३० टक्के काढाल तेव्हा पाइप लाकडाच्या खाली फिरवून भुसा ओढून घ्या. भुशाने पाणी तसं विषारी होत नाही, पण वाळूत साठून राहिला तर खालचा थर सडतो.

वाकस:

मी कोल्हापूरची, मासे माझ्याकडे फक्त गप्पी आहेत, पण लाकडाचं विचारलंय म्हणून राहवलं नाही. आमच्याकडे तीन पिढ्या सुतारकाम. आणि खवल्यांनी दाताचं वर्णन केलं तेव्हा मी भावाला फोटो दाखवला, तो लगेच म्हणाला अगं हा तर वाकस आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वाकस म्हणजे सुताराचं आडव्या पात्याचं हत्यार, आपल्याकडे ओढून लाकडाच्या ढलप्या काढायच्या. तासायचं काम. त्या माशाचा दात तसाच वळलेला आहे आणि तो लाकूड चावत नाही, तासतो. मला हे बघून इतका आनंद झाला की काय सांगू.

पेरूची फांदी चालेल, पण काही गोष्टी नीट करा. झाडावरच वाळलेली किंवा तोडून निदान चार-सहा महिने सावलीत सुकलेली हवी, ओल्या फांदीतला रस पाण्यात उतरतो. साल सोलून काढा, पेरूची साल तशीही पापुद्र्यासारखी निघते. फांदी मोडून बघा, कडकन तुटली तर सुकली, वाकली तर अजून ओली आहे. मग मोठ्या पातेल्यात तासभर उकळा आणि बादलीत पाणी बदलत बदलत बुडेपर्यंत भिजत ठेवा. झाडावर कधी औषध फवारलं असेल तर ती फांदी नको.

काय नको ते जास्त महत्त्वाचं. साग घरात असतो म्हणून लोक सागाचा तुकडा टाकतात, पण सागात तेल असतं, त्यामुळेच तर त्याला कीड लागत नाही, मग जे किड्याला नको ते माशाला कशाला. तसंच निलगिरी, चीड, देवदार, राळेचं काहीही नको. कडुनिंब नको. चिकाची झाडं, म्हणजे रुई, शेर, यांची फांदी नको, आणि कण्हेर तर हातातही घेऊ नका त्या कामासाठी, जहर आहे. प्लायवूड, जुन्या फर्निचरचा तुकडा, पॅकिंगच्या खोक्याची फळी यात डिंक, पॉलिश आणि वाळवीचं औषध असतं, बघून कधीच कळत नाही. आमच्या इथे एकाने जुन्या दाराच्या चौकटीचा तुकडा टाकला होता, दुसऱ्या दिवशी सगळी टाकी रिकामी.

नदीकाठचं पुरात वाहून आलेलं लाकूड दिसायला सुंदर असतं, तुमच्याकडे माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर मिळत असेल, पण ते कुठल्या झाडाचं आणि कशात भिजलंय हे सांगता येत नाही. मी तरी घेतलं नसतं.

खवल्या:

वाकसताई, हे सगळं मी वहीत उतरवून घेतलं. एक भर घालतो, नवी फांदी टाकल्यावर आठ-दहा दिवसांत तिच्यावर पांढरी बुळबुळीत साय धरेल. लोक घाबरून काढून घासतात. काढू नका. तोच तो थर, क्लाऊन आधी तोच खाईल. आणि पाणी चहासारखं होईल, त्यानेही काही बिघडत नाही, यांच्या नद्यांत तसंच पाणी असतं. देशी बदामाची वाळलेली पानं एक-दोन टाकली तरी तसंच होतं.

ऱ्हाईनकाठी:

मी मूळचा मिरजेचा, गेली नऊ वर्षं जर्मनीत आहे. एल नंबरचा विषय निघालाय म्हणून लिहितो, कारण त्याचा उगम इथलाच. १९८८ मध्ये डात्स नावाच्या इथल्या मत्स्यपालनाच्या मासिकाने सुरू केलं. तेव्हा दक्षिण अमेरिकेतून इतके नवे नवे प्लेको यायला लागले होते की शास्त्रज्ञांकडून नाव मिळेपर्यंत त्यांना काय म्हणायचं हाच प्रश्न होता, म्हणून प्लेकोंच्या लोरिकारिडी कुळाचा एल आणि पुढे आकडा. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की एल नंबर म्हणजे जात नाही, एका फोटोला आणि एका ठिकाणाला दिलेला आकडा आहे. एकाच जातीला दोन-तीन नंबर असू शकतात. त्यामुळे दुकानाच्या पाटीवर नंबर लिहिलाय म्हणून मासा तोच असं धरू नका.

माझ्याकडे मोठा लाकूडखाऊ आहे, रॉयल, पानाक निग्रोलिनिएटस. पीटर्स या शास्त्रज्ञाने १८७७ मध्ये वर्णन केलेला, राखी अंगावर काळ्या रेघा आणि लाल डोळे. माझा ३१ सेंमीचा झालाय, अजून वाढेल, हे ४० च्या वर जातात. सहा फुटी टाकीत एकटाच राजा आहे. रात्री शेजारच्या खोलीत झोपलं तरी त्याचं खर्रर्र खर्रर्र ऐकू येतं. लाकूड वर्षाला दोन मोठे ओंडके संपवतो. हे कोणी वाचून उत्साहात येऊ नये म्हणून मुद्दाम सांगतो, दुकानात ७ सेंमीचं पिल्लू फार गोड दिसतं, पण तीन-चार फुटी टाकीत ते ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. ज्यांना घरात लाकूड खाणारा मासा हवाय त्यांना क्लाऊन किंवा फ्लॅश प्लेको, एल २०४, बारीक बारीक रेघांचा, तो १५ सेंमीच्या आत राहतो. ॲक्रिलिकची टाकी असेल तर रॉयल तिच्यावरही ओरखडे काढतो आणि हीटरची प्लास्टिक जाळीही सोडत नाही.

मीन_रास:

आकाराचा विषय निघालाच आहे तर मी माझी चूक सांगतो. दहा वर्षांपूर्वी मी क्लाऊन समजून नाही तर स्वस्तातला टँक क्लीनर म्हणून सकर (हाही प्लेकोच) आणला, तो दोन वर्षांत सव्वा फूट झाला. पाठीचा पर मोजायचा असतो हे तेव्हा माहीत नव्हतं. त्या सकरच्या, म्हणजे टेरिगोप्लिक्थिसच्या, पाठीच्या परात साधारण दहा किंवा जास्त मऊ काटे असतात आणि पर शिडासारखा मोठा, क्लाऊनला सात. काचेवर बसला असताना शांतपणे मोजता येतात. शेवटी मी तो एका मोठ्या टाकीवाल्याला दिला. पण नदीत किंवा तळ्यात सोडायचा मोह कोणी करू नका. कोलकात्याच्या पाणथळ जागा, केरळ, आंध्र, तमिळनाडू, सगळीकडे हे सकर सुटलेत, मच्छीमारांच्या जाळ्यांत तेच येतात आणि ते काठाला बिळं करतात त्याने बांध ढासळतात.

वऱ्हाडी_पाणी:

अकोल्याचा आहे, आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये घरातलं पाणी ३३-३४ होऊन जातं, आणि क्लाऊन माझ्याकडं चार वर्षांपासून आहे, म्हणून उन्हाळ्याचं सांगतो. साताऱ्यात एवढं नसेल पण तरी ऐकून ठेवा. यांना गरमी त्यामानाने सोसते, २९-३० पर्यंत काही वाटत नाही, पण गरम पाण्यात हवा कमी विरघळते आणि त्रास गरमीपेक्षा त्याचा होतो. फिल्टरचं पाणी वरून पडेल असं ठेवा, एअर पंप वेगळा लावा आणि बॅटरीवर चालणारा एक जवळ ठेवा, कारण लाईट गेली की रात्रीतून सगळं संपतं. प्लेको पाण्याच्या वरच्या कडेला येऊन बसला, दिवसाढवळ्या, तर समजायचं की हवा कमी पडतेय. बर्फ टाकू नका लगेच, आधी पाणी हलवा. झाकण उघडून टेबल फॅन लावला की माझ्याकडं दोन-तीन डिग्री उतरतं.

दुसरं म्हणजे ते दिसत नाही म्हणून टाकी उलथीपालथी करू नका. माझा एकदा अडीच आठवडे दिसला नव्हता, बायको म्हणे गेला असेल, तर लाकडाच्या भोकात मजेत होता. भुसा पडतोय ना, मग मासा आहे.

निशा_सातारा:

वऱ्हाडी दादा, "भुसा पडतोय ना, मग मासा आहे" हे आईला वाचून दाखवलं, ती रोज सकाळी पूजा झाली की आधी लाकडाखाली बघते.

निशा_सातारा:

सहा आठवड्यांनी परत लिहितेय, उशीर झाला, माफ करा. हीटरवाल्याचं नाव पेकू ठेवलंय. खवल्यादादांनी सांगितलं तसं रोज रात्री त्याच्या कोपऱ्यात गोळी, आठवड्यातून दोनदा ब्लडवर्म, एकदा कोळंबीचा अगदी बारीक तुकडा. पहिले आठ दिवस काहीच फरक नव्हता, मी रोज खालून फोटो काढून ठेवत होते. तिसऱ्या आठवड्यात पोट सपाट झालं आणि आता जरासं गोल आहे. पट्टेही उजळलेत, पूर्वी मळकट दिसायचे ते आता पिवळे धमक झालेत. आता तो हीटरमागून स्वतःहून बाहेर येतो, कोरींना ढकलतो.

पेरूची फांदी मात्र मला वेळ घेऊन करावी लागली. पहिली मोडून बघितली तर वाकली, म्हणून ती तशीच माळ्यावर ठेवली. गेल्या वर्षी वादळात मोडून पडलेली एक जुनी फांदी गोठ्याच्या पत्र्यावर होती, ती कडकन तुटली. सोलली, उकळली, बारा दिवस बादलीत ठेवली तेव्हा बुडाली. टाकीत टाकल्यावर पांढरी साय धरली, मी हात आवरला, आणि चौथ्या रात्री क्लाऊन जुनं ड्रिफ्टवुड सोडून तिकडे गेला. आता फांदीचा एक भाग चक्क पन्हळीसारखा खोलगट झालाय. दोडक्याचा गर खातो पण लाल भोपळा जास्त आवडतो, आणि त्या दिवशी भुसा नारिंगी पडतो.

एकच शंका उरलीय. क्लाऊनच्या शेपटीकडच्या अर्ध्या अंगावर बारीक काटेरी केस आल्यासारखे दिसतात, आधी नव्हते. बुरशी तर नाही ना?

खवल्या:

बुरशी नाही. ती कापसासारखी, पांढरी आणि एका जागी असते. हे दोन्ही बाजूंना सारखे, ओळीने आलेले टोकदार केस म्हणजे त्याच्या अंगावरच्या हाडाच्या तबकड्यांवरचे काटे वाढलेत, पानाकोलसच्या वयात आलेल्या नरांना असे येतात. तुमच्याकडे नर आहे, आणि नीट खाऊन-पिऊन मोठा होतोय. त्याला फांदीत किंवा बांबूच्या नळीत एक बंद टोकाची, त्याच्या अंगाला जेमतेम पुरेल इतकी अरुंद पोकळी करून द्या. पुढेमागे मादी मिळाली तर ती तिथेच अंडी घालेल आणि तो दाराशी बसून राखण करेल. मादी घेताना मात्र दाताचा फोटो आधी इथे टाका.

वाकस:

बांबू घेणार असाल तर पेर सोडून कापा, एका बाजूची गाठ तशीच राहू दे म्हणजे टोक आपोआप बंद राहतं. आणि माळ्यावरची ती वाकलेली फांदी टाकून देऊ नका, पुढच्या वर्षी लागेल.